हळद-कुंकू लावलेलं पिस्तूल

दादा, तुमचं पिस्तूल आता माझ्या नावावर झालंय. तुमच्यानंतर परवाना आईच्या नावावर झाला होता. आई गेली तेव्हा ते शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात जमा करावं लागलं, कारण परवान्यातलं माणूस गेलं की त्याच्या हत्याराला घरात राहता येत नाही. मग मी अर्ज केला, कचेरीत चकरा मारल्या आणि चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा पाजला. त्याला माझी लवळ्याची मेस ठाऊक होती. तो म्हणाला, "ताई, तुमाला ह्ये कशाला पायजे? पोरं जेवनाला नावं ठिवत्यात काय?" मी म्हटलं, "वडलांचं हाय." तो मान हलवून लिहायला लागला. हे एकच उत्तर मी सगळीकडे दिलं आणि ते सगळीकडे चाललं. शेवटी घराण्यातली जुनी वस्तू म्हणून ते मला मिळालं, काडतुसं ठेवायची नाहीत या अटीवर. मला तरी कुठे हवी होती.

मिळालं खरं, पण त्याचं काय करायचं हे मला कोण सांगणार? तुम्ही ओटीवर जुना पेपर पसरून ते पुसायला बसायचात आणि पेपरच्या कडेपलीकडे आम्हांला पाय टाकू द्यायचा नाहीत. आजोबा गावचे पोलीस पाटील असताना त्यांनी ते विलायतेला परत चाललेल्या कुणा साहेबाकडून घेतलं, एवढं ऐकून होते. बाकी सगळं मी आता या वयात शिकले. मोबाइलवर परदेशातली माणसं अशी पिस्तुलं टेबलावर ठेवून तासन्‌तास बोलतात, ते बघितलं. निम्मं कळलं नाही. त्याला पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर म्हणायचं हे कळलं, पण आपल्या अख्ख्या कोळवण खोऱ्यात ते पाटलाचं पिस्तूल होतं आणि माझ्यापुरतं ते तेच राहणार. दुकानातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी नळीच्या तोंडात करंगळी घालून दाखवली आणि म्हणाले, "बाई, हे लढाईसाठी बनवलेलं. एवढ्या मोठ्या तोंडाचं मीही हातात फारसं घेतलेलं नाही. याच्या गोळ्या शोधायला गेलात तरी मिळायच्या नाहीत." वरची कळ दाबली की ते मधोमध मोडतं, नळी खाली झुकते आणि गोळ्यांचं चाक उघडं पडतं. हे मात्र मला शिकावं लागलं नाही. तुमच्या अंगठ्याखाली ते झुकताना मी पेपरच्या अलीकडून किती वेळा बघितलंय.

मग मला हौसच आली. नवं चामड्याचं कव्हर, कमरेचा पट्टा, मुठीखालच्या कडीला विणलेली दोरी, आत मऊ कापड लावलेली लाकडी पेटी, नळी साफ करायची सळई, ब्रश, तेलाची बाटली. तुमचे जावई म्हणाले, "लग्नाची तारीख कधीची धरलीये? मी कोट शिवून घेतो." चेष्टा करोत बापडे. कव्हर शिवणाऱ्याला माप म्हणून तुमचं जुनं कव्हर नेऊन दिलं तर त्यानं ते नाकाला लावलं आणि म्हणाला, "एरंडेल." मला ते सांगायची गरज नव्हती. आपल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्याला तोच वास होता आणि तुमच्या हातांनाही. पण दुरुस्तीवाले काका माझ्यावर चिडलेच. चामडं ओल धरतं, मुळशीसारख्या पावसात पिस्तूल कव्हरात घालून ठेवलं की लोखंड खाऊन टाकतं म्हणाले. म्हणजे एवढं हौसेनं शिवलेलं कव्हर रिकामंच टांगायचं. दादा, तुम्ही तर ते जन्मभर कव्हरातच ठेवलंत. तुम्हांला हे कुणी सांगितलं नाही का? का सांगितलं होतं आणि तुम्ही नेहमीसारखं ऐकलं नाहीत?

खरी अडचण दुसरीच होती. ते उघडतच नव्हतं. कळ दाबली जात नव्हती, चाक फिरत नव्हतं. आणि त्याचं कारण आपली आई होती. तुमच्यानंतर तिनं त्याला हात लावायचा दिवस एकच, खंडेनवमी. त्या दिवशी कोयता, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं जायचं आणि मधोमध पिस्तूल. तुम्ही होतात तेव्हा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ते पुसून, उघडून, तेल देऊन ठेवायचात. आईला उघडता येत नव्हतं आणि ती कुणाला उघडूही द्यायची नाही. "त्येंचं हाय, त्येला खोलायचं न्हाई," म्हणायची. पण पूजेत हात आखडता घ्यायची नाही. वरून खोबरेल चोळायची आणि त्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढायची, कळीवर, चाकावर, घोड्यावर. मी एकदा म्हटलं, "आई, अगं गंजेल ते." तर म्हणाली, "कोयत्याला लावतीया तवा न्हाई गंजत? ह्ये काय त्याच्यापरीस नाजूक हाय?" वर्षानुवर्षांच्या त्या तेला-कुंकवाचा तांबडा खरपुडा इतका घट्ट बसला की पिस्तूल एकसंध लोखंड झालं. निवडणूक आली की रिवाजाप्रमाणे ती ते पिशवीत घालून ठाण्यात जमा करायला न्यायची. तिथेही ते कुणाकडून उघडलं नाही. तुम्ही गेल्यावर काडतुसांचा डबा तिनं जमा केला होताच. तेव्हा पिस्तूल रिकामं आहे यात कुणाला शंका असायचं कारण नव्हतं.

काकांनी ते औषधात भिजत घातलं. आठवड्यात देतो म्हणाले आणि भाताची लावणी उरकून रोपं पोटरीत आली तरी त्यांचा फोन नाही. फोन आला तो दुपारी, मेसमध्ये शेवटची पंगत चालू असताना. म्हणाले, "या. फोनवर नको." मला वाटलं नळी फुटली असेल. मी गेले. त्यांनी पिस्तूल कापडावर ठेवलं होतं, मधोमध झुकलेलं, आणि शेजारी एक काडतूस. पितळ हिरवं पडलेलं, शिसं पांढुरकं.

"आत होतं," ते म्हणाले. "चाकातली बाकीची घरं रिकामी. हे एकच, बरोबर नळीच्या समोरच्या घरात."

मी विचारलं, "चुकून राहिलं असेल?"

"राहू शकतं," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. "पण एकच भरलं आणि तेही नेमकं त्या घरात आणून ठेवलं, तर सहसा ते भरणाऱ्याला ठाऊक असतं. घोडा मात्र पडलेला नाही याच्यावर. कोरं आहे." एवढं बोलून त्यांनी मला पाणी दिलं.

दादा, आम्हांला वाक्य एकच शिकवलं होतंत तुम्ही. "भरलेलं न्हाई म्हनून कुनी सांगितलं, तरी आपन उघडून बघायचं." खुद्द आजोबांच्या हातातून घेतानाही तुम्ही उघडून बघायचात. असा माणूस काडतूस विसरत नाही. आणि इतकी वर्षं आई त्या भरल्या पिस्तुलाला हळद-कुंकू लावत होती आणि मी तिच्यासमोर आरतीचं ताट धरून उभी राहत होते. नळीचं तोंड कुणाकडे होतं ते आता आठवू नये असं वाटतं.

मी धाकट्या काकांना विचारलं. कोळवणच्या घरी ते एकटेच असतात हल्ली. म्हणाले, "आगं, दादा गेला त्या साली जमिनी घेनारं दलाल लई हिंडत व्हते. दम द्याचे. दादानं भरून ठिवलं आसंल." थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाईतर पिसाळलेलं कुत्रं आलं व्हतं आळीत, तवाचं आसंल." मी हो म्हटलं. दोन्ही खोटं नसेल. पण दलालासाठी माणूस एकच गोळी भरत नाही, आणि ते कुत्रं लोकांनी दगडांनी मारलं तेव्हा तुम्ही तिथंच होतात, रिकाम्या हातांनी. आणि मला ती दुपार आठवत होती. काकांना मी ती सांगितली नाही.

भातकापणी चालली आहे. आई शेतावर आहे. तुमच्या घशाच्या दुखण्याला डॉक्टरांनी हात टेकलेत आणि तुम्हांला घरी आणलंय. पेजही उतरत नाही, आवाज गेलाय, जे बोलता ते माझ्या कानाशी. कॉलेज बुडवून मी घरी थांबलेय. तुम्ही खुणेनं कपाट दाखवता आणि म्हणता, "पिस्तूल आन. पुसायचंय." मला बरंच वाटतं, माणूस काहीतरी करायला मागतोय. मी पिस्तूल आणते, तेल-फडकं आणि काडतुसं असलेला डबा आणते, पेपर पसरते. तुम्ही पुसता, उघडता, मिटता. मग म्हणता, "च्या टाक."

"दूध नासलंय," मी म्हणते. "कोरा टाकू?"

"कोरा नगं. खालच्या आळीतनं दूध घिऊन यी."

"आई येताना आणील की."

तुम्ही माझ्याकडे बघता. "जा की गं," म्हणता. मी जात नाही. तुमचं कव्हर मांडीवर घेते, फडक्यावर एरंडेल ओतते आणि घासायला लागते. काहीबाही बडबडते, कॉलेजातल्या मुलीची गंमत, एसटी बंद पडली ती गोष्ट. तुम्ही पिस्तूल मांडीवर घेऊन बसून असता, कितीतरी वेळ. ऊन ओटीवरून उतरतं. मग तुम्ही ते माझ्याकडे सरकवता, मुठीची बाजू माझ्याकडे करून. "ठिव जा," म्हणता. मी ते कव्हरात घालून कपाटात ठेवते. तुमच्या हातून घेतलेलं मी कशाला उघडून बघू. त्यानंतर तुम्ही ते कधी मागितलं नाहीत. भात झोडून झालं आणि तुम्ही झोपेतच गेलात, दुखणं पुरतं सोसून.

आता सांगा, मी कुणाला विचारू? ते काडतूस दुरुस्तीवाल्या काकांनी रीतसर जमा केलं. त्याआधी मी ते तळहातावर घेतलं होतं. चांगलंच जड होतं. एवढीच तुमची बाजू मला ऐकायला मिळाली. कधी वाटतं, मी उगाच एका दुपारचा डोंगर करतेय, खरंच तुम्हांला फक्त चहा हवा असेल. कधी वाटतं, तुमचं दुखणं इतकं होतं तर मी न उठून तुमच्यावर उपकार केले की तुम्हांला पुढचे दिवस भोगायला लावले. दोन्हीकडून हात बांधलेले आहेत. पिस्तूल मात्र आता झकास दिसतं. पेटीत ठेवलंय, दोरी लावलीय, कळ मऊ चालते. या खंडेनवमीला मी ते पाटावर मांडलं नाही. पेटीच्या झाकणावर हळद-कुंकू वाहिलं. त्याआधी दार लावून पिस्तूल उघडलं आणि सगळी घरं बघितली. रिकामी आहेत हे ठाऊक होतं, तरी बघितली.

हे लिहिलेलं पेटीत ठेवायचं मनात होतं, पण कागदही ओल धरतो, म्हणून चुलीत घालणार आहे. त्याआधी एक सांगते. आई जाईपर्यंत भावकीत सांगायची, पोरीनं बापाला घटकाभर एकटं सोडलं न्हाई, तिला आतून समजत व्हतं. मी तिला कधी खोडून काढलं नाही. दादा, मला काही समजत नव्हतं. ऊन होतं, आणि खालच्या आळीपर्यंत जायचा कंटाळा आला होता.