बाबा ‘बघू’ म्हणाले होते

१६ सप्टेंबर २००७, रविवार

मेमधल्या नोंदीत एक चूक राहिली आहे. मी लिहिलं होतं, ‘इटलीचं विचारलं, बाबा नाही म्हणाले.’ बाबा नाही म्हणाले नव्हते. बाबा ‘बघू’ म्हणाले होते.

आमच्या घरात दोन्हींचा अर्थ एकच. सायकल हवी, बघू. कुत्रं पाळू या, बघू. मैत्रिणींबरोबर शिकागोला जाऊ का, बघू. त्यातलं काहीच आलं नाही, कुठे जाणं झालं नाही. तरी माणूस जे बोलला तेच लिहावं. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, आईने पुण्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर शिकवलं. तिचा नियम एकच होता. चूक खोडरबराने पुसायची नाही. एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. म्हणून ही रेघ.

बाकीचं बरोबर लिहिलं होतं. बोलोन्याच्या वर्षभराच्या कोर्ससाठी कॉलेजातून माझी निवड झाली होती. ‘बघू’ ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मेल करून जागा सोडली. बाबांचं ग्रीन कार्ड अडकलेलं, आमचे पासपोर्ट भारतीय. देशाबाहेर गेले आणि परत येताना व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर? हे सगळं मला पाठ आहे, बाबांना बोलायला लावायची गरज नव्हती.

माझी जागा वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या मुलीला गेली. म्हणजे सईला. ती आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. मी दोन वर्षं इटालियन शिकले, ती एक सेमिस्टर. तिचा जन्म इथलाच, ओहायोचा. अमेरिकन पासपोर्ट. तिने फक्त बॅग भरली. जागा कोणाची होती ते तिला माहीत नाही.

यापुढे स. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना पेन अडखळतं.

२३ सप्टेंबर, रविवार

स.चा फोन. मला नाही, आईला.

आईने स्पीकर लावला होता आणि भांडी घासत होती. मी बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, त्यामुळे ऐकू आलं. (मुद्दाम ऐकत होते. दार मी उघडं ठेवलं होतं.)

“काकू, पिठलं कसं करायचं? इथे बेसन मिळतं, त्याची पोळी करतात हे लोक.”

“आधी पीठ पाण्यात कालव. गुठळ्या राहू देऊ नकोस.”

“गुठळ्या म्हणजे लम्प्स?”

“लम्प्स. हाताने मोड, चमच्याने नको.”

मग दोघी किती वेळ हसत होत्या. स.ची आई हॉस्पिटलात, रविवारीसुद्धा ड्युटी असते. हे मला कळतं. तरी.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “किती गोड पोरगी आहे.” मी म्हटलं, पिठलं मलाही येत नाही. आई म्हणाली, “ती विचारते म्हणून सांगते. तू कधी विचारतेस?”

४ ऑक्टोबर, गुरुवार

स.चा मेल. इंग्रजी अक्षरांतली मराठी, वाचायला त्रास होतो. इटालियनमध्ये sai म्हणजे ‘तुला माहीत आहे’. तिथे लोक बोलता बोलता सारखं म्हणतात, ‘साय... साय...’ आणि ती दर वेळी वळून बघते. ‘यार, इथे सगळी सिटी मला हाक मारते.’

इथे शाळेत सगळे तिला सुस्कारा टाकल्यासारखे ‘साय’ म्हणायचे आणि ती चिडायची. तिकडे जाऊन त्याच चुकीचा शब्द झाला.

हे मला माहीत होतं. sapere, म्हणजे माहीत असणं, त्याचं रूप आहे, पहिल्याच वर्षी शिकले. इतके दिवस तिला सांगितलं नाही, कारण सुचलंच नाही.

खरं म्हणजे सुचलं होतं.

१४ ऑक्टोबर, रविवार

फ्रिजवर तिचं पोस्टकार्ड. कमानींची रांग. त्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशा कमानी आहेत, पावसात छत्री लागत नाही. आई सगळ्यांना हे सांगते, जणू स्वतः जाऊन आली आहे. आज शेजारच्या बाईंना दारातून निरोप देताना ‘चाओ’ म्हणाली. उच्चार चुकला. मी दुरुस्त केला. आई म्हणाली, “सई असंच म्हणते.”

मी गाडीची चावी घेऊन बाहेर पडले आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये नुसती बसून राहिले. दूध आणायला विसरले.

२७ ऑक्टोबर, शनिवार

घरभर भाजणीचा वास. आईने दिवाळीचा फराळ आधीच करायला घेतला, स.ला वेळेवर पोचावा म्हणून. चकलीचा पहिला घाणा तिच्या डब्यात. आमच्या वाट्याला तुटलेल्या.

पोस्टात मीच गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “आत काय?” मी ‘स्नॅक्स’ म्हटलं. ‘फ्रॅजाइल’चं लेबल लावू का, असंही विचारलं त्याने. मी म्हटलं, गरज नाही.

गरज होती. चकल्या होत्या.

८ नोव्हेंबर, गुरुवार

इटालियनच्या बाईंनी क्लासनंतर थांबवलं. आम्ही त्यांना सिन्योरा म्हणतो. अर्ध्या वर्षानंतर दर वेळी कोणीतरी परत येतं, म्हणाल्या. अशी जागा झाली तर जानेवारीत जाशील का? “तुझं नाव पहिलं ठेवू?”

मी हो म्हटलं. घरी न विचारता. विचारलं असतं तर ‘बघू’.

उद्या दिवाळी. घरी यातलं काही बोलले नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला.

मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. पण स. इतकी खूश, की विचारू नका. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुली इटलीच्या दक्षिणेकडच्या गावांतल्या, त्यांना घरून आयांची पार्सलं येतात, तेलाच्या बाटल्या, चीज, काय काय. हिला आजवर एकही आलं नव्हतं. “आता मलापण आलं, काकू. कियारा म्हणाली, नाउ यू आर वन ऑफ अस.” चुरा त्यांनी पास्त्यावर घालून खाल्ला. आई डोळे पुसत हसत होती.

मी पाठवलेल्या चुऱ्यावरसुद्धा तिचंच कौतुक.

१८ नोव्हेंबर, रविवार

आज फोन वेगळा. आईने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि मागच्या दारातून अंगणात गेली. थंडीत, शाल न घेता.

आत येऊन पुन्हा भांडी घासायला लागली. मी विचारलं (मी विचारलं, हे लिहून ठेवते). आई म्हणाली, “परीक्षा तोंडी असते म्हणे तिकडे. सगळ्या वर्गासमोर. प्रोफेसर भराभर बोलले, हिला एक शब्द सुचला नाही. तशीच उठून बाहेर आली. तेव्हापासून क्लासला जात नाही.”

“मग रोज काय करते?”

“पिठलं करते,” आई म्हणाली. “काय करणार.”

म्हणजे यातले कितीतरी रविवार ती मजा म्हणून फोन करत नव्हती. मला वाईट वाटलं. आधी काय वाटलं तेही लिहायला हवं. आधी वाटलं, मी बोलले असते. प्रोफेसर कितीही भराभर बोलले असते तरी.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. सकाळी स.चा मेल, मला, मलाच.

‘तुला इटालियन येतं, तू माझ्यापेक्षा सेन्सिबल आहेस. मी ख्रिसमसला कायमची परत येऊ का? का राहू? मंडे, ३ डिसेंबरच्या आत कोर्सवाल्यांना सांगायचंय. काकू म्हणतात, मनाला विचार. माझं मन काही बोलत नाही. तू सांगशील तसं करीन, प्रॉमिस.’

ये म्हटलं तर जागा होते. माझी. पहिलं नाव माझं.

दिवसभर घरात भोपळ्याच्या पायचा वास, बाबा टीव्हीवर फुटबॉल बघत होते, त्यांना त्यातलं काही कळत नाही. संध्याकाळी उत्तर लिहिलं. चार ओळी खोडल्या. शेवटी एकच शब्द पाठवला.

‘बघू.’

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

तिचं उत्तर: ‘ओके. तू बघ आणि सांग. मी थांबते.’

अमेरिकेत वाढलेली मुलगी. शब्दाला शब्द धरून चालते.

२४ नोव्हेंबर, शनिवार

बाबांबरोबर मागच्या अंगणातली पानं गोळा करत होते. ते दाताळ्याने ओढत होते, मी कागदी पिशव्या धरून उभी. का कोण जाणे, एकदम म्हणाले, “तुझ्या त्या इटलीचं काय झालं मग?”

मला राग आला. “तुम्ही बघू म्हणाला होतात.”

“मग? बघितलं ना.”

पिशवी हातातून सुटली. सगळी पानं परत खाली.

बाबांनी तेव्हाच कंपनीच्या वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, फाइल पुढे सरकेपर्यंत थांबा. ऑगस्टमध्ये फाइल भरली गेली, ऑक्टोबरमध्ये आम्हा तिघांची प्रवासाची परवानगी आली. आता शिक्का लागत नाही, परत येता येतं. “तू परत विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुझं मन बदललं. सई गेली तेव्हा तर तू इतकी हसत विमानतळावर आलीस.”

“बाबा, बघू म्हणजे नाही ना?”

“नाही कसं? बघू म्हणजे बघू.”

“सायकल?”

“डॉक्टरांना विचारलं होतं. थंडीत तुझा दमा वाढेल म्हणाले.”

“कुत्रं?”

“तेही विचारलं. केसांचा त्रास होईल म्हणाले. तुला काय सांगायचं? तुझ्या दम्यामुळे नाही, असं? त्यापेक्षा विसरशील म्हणून गप्प बसलो.”

“आणि शिकागो?”

बाबा दाताळ्यावर रेलून हसले. “शिकागोचं मात्र नाहीच होतं.”

आम्ही पानं परत भरली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मीही जानेवारीच्या जागेचं सांगितलं नाही. सांगायचं तर ती जागा कुठून येणार, तेही सांगावं लागलं असतं.

२८ नोव्हेंबर, बुधवार

सिन्योरा कॉरिडॉरमध्ये भेटल्या. “अजून काही कळलं नाही. सोमवारी सांगते.” मी ‘ग्रात्सिए’ म्हणून आभार मानले आणि घाईघाईने जिन्याकडे वळले. चुकीच्या जिन्याकडे.

स.ला लिहायला बसले. ‘ये. तुझं मन लागत नाहीये तर कशाला राहायचं?’ हे खरं आहे का? अर्धं. ‘राहा. पुढच्या वेळी परीक्षा देशील.’ हेही अर्धं खरं. तिला जमेल असं मला खरंच वाटतं. ज्या मुलीने चुऱ्याची मेजवानी केली, तिला तोंडी परीक्षा जमेल. मी तिच्या जागी असते तर चुरा फेकून दिला असता, आणि चकल्या कोणी मोडल्या याचा विचार करत बसले असते.

जागा कोणाची होती हे तिला आधी सांगितलं तर ती लगेच परत येईल. तशीच आहे ती. आधी ‘राहा’ म्हटलं आणि मग सांगितलं, तर मी किती मोठ्या मनाची, असं होईल. ते मला नको. काहीच नाही सांगितलं तर मी जे लिहीन ते कोणासाठी लिहिलंय, हे मलाच कळणार नाही.

मत्सर हा शब्द लिहायचं इतके दिवस टाळलं. ‘कौतुक’, ‘राग’, ‘तरी’ असं लिहिलं. दुरुस्ती: मत्सर.

१ डिसेंबर, शनिवार

तिचा मेल नाही. ती खरंच थांबली आहे. मी बघतेय असं तिला वाटतंय.

आईला आज सगळं सांगितलं. जागा, वेटिंग लिस्ट, सिन्योरा, बाबांची परवानगी. आई कणीक मळत होती, हात थांबला नाही. “चकल्यांवर लेबल नव्हतं लावलंस ना?” एवढंच विचारलं. मी मान हलवली. “पार्सलवर अक्षर तुझं, बघून कळलंच असेल तिला. बोलली नाही कधी.” मग कणकेला तेलाचा हात लावला. “मी काय सांगू? तिलाही मीच सांगू, तुलाही मीच? तुम्ही दोघी बोला.”

मी म्हटलं, उद्या तिचा फोन येईल तेव्हा स्पीकर लावू नकोस.

“मी उचलणारच नाही,” आई म्हणाली. “मी वर जाऊन झोपते.”

काय सांगणार ते अजून ठरलेलं नाही. फक्त क्रम ठरलाय. आधी जागा कोणाची होती. मग मला ती किती हवी आहे. मग ती विचारेल, ‘म्हणजे मी येऊ?’ तिथपर्यंत मला दिसतं. त्यापुढे ‘बघू’ म्हणायचं नाही, इतकं नक्की.

उद्या, रविवार, २ डिसेंबर. सईचा फोन मी उचलणार.