चौथ्या पिंजऱ्यातल्या वीसजणी

६ मार्च
प्रयोगशाळेतला मधमाश्यांचा चौथा पिंजरा आजही कमीच जेवला. पाकाची नळी तोलली, कालच्यापेक्षा ५२० मिलिग्रॅम कमी; म्हणजे दिवसात तेवढाच पाक खाल्ला. विसांनी भागलं — माशीमागे २६. बाकी पिंजऱ्यांत ३४. आणि चौथ्यातलाच पाक माझ्या कृतीचा!

जिवंत माश्या मोजू देत नाहीत. तळाशी मेलेल्या मोजायच्या, विसातून वजा करायच्या. चौथ्यात एकही मेलेली नाही. अर्धपोटी, पण चिवट.

७ मार्च
जेवताना आईला चुकून सांगून बसले. "तुझ्या हातचं माश्यासुद्धा खाईनात!" बाबा ताटात बघून हसत होते. मी मीठ पुढे सरकवलं.

९ मार्च
मॅडम: "बुधवारी वजनं घे. अंगाला लागलं नसेल तर तुझा पाक बंद."
"बरं," म्हटलं. मग एकच नळी तीनदा तोलली.

११ मार्च
वजनासाठी चौथा पिंजरा बर्फावर ठेवला. माश्या निपचित झाल्यावर मोजल्या. तेरा! पुन्हा मोजल्या. तेराच.

साफसफाईवाले काका फडकं पिळत उभे.
"ताई, सात मी काढल्या. पहिल्या दोन दिवसांत."
"का?"
"त्या पिंजऱ्याकडे बघून तुम्ही हसता. मेलेल्या दिसल्या असत्या तर तोंड एवढंसं झालं असतं."

मी हसते? कामावर?

"मग बाकीच्या पिंजऱ्यांतल्या का नाही काढल्या?"
"त्या काय आपल्या आहेत?"

रागवायचं राहूनच गेलं. ५२० भागिले तेरा — ४०! वजनंही बाकीच्यांपेक्षा जास्त. माझ्याच माश्या सगळ्यांत खादाड.

आनंद दहा मिनिटं टिकला. सात मेल्या कशाने? पाकाने?

१२ मार्च
पहिल्या दिवसाचं पान काढलं. माझंच अक्षर: 'चौथा पिंजरा — वजन दोनदा.' अचूकपणा हवा होता, म्हणून फक्त माझ्याच माश्या दुसऱ्यांदा बर्फावर. पाकाने नाही, बहुधा मीच मारल्या. मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं.

"चाचणी नव्याने कर," म्हणाल्या. "पाक तोच. वजन एकदाच. आणि बर्फाजवळ घड्याळ घेऊन काका बसतील."