पिंपळगाव ते ॲमस्टरडॅम, पाच तास

३ फेब्रुवारी
तिकीट आलं! जावयांनी, मयूररावांनी, तिकडूनच काढून पाठवलं. मुंबई ते ॲमस्टरडॅम. १४ फेब्रुवारी, ०१:१० ला निघायचं, ०६:१५ ला पोचायचं. म्हणजे पाचच तास! मी उगाच घाबरत होते. पिंपळगावहून पुण्याला एसटीनं याहून जास्त लागतात.

रोशनीचं पहिलं बाळंतपण. रीतीनं माहेरी, माझ्याजवळ व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला विमानाला नाही म्हटलं. मग काय — माहेरच निघालं तिच्याकडे! वीस तारीख दिली आहे. बाळाच्या आधी मी पोचले पाहिजे, बाकी काही मागणं नाही.

४ फेब्रुवारी
फजिती! रोशनी फोनवर खो खो हसली. "अगं आई, इथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं. साडेनऊ तास लागतात!" अंतर विचारलं, तर जवळपास सात हजार किलोमीटर. जेवणच गेलं नाही.

ह्यांना कशाचं काही नाही. पॅकहाऊसमधून द्राक्षांचे कंटेनर भरून पाठवतात ना! "आपली द्राक्षं बोटीनं महिन्यानं पोचतात तिथं. तू साडेनऊ तासांत. लय झालं!"

बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

८ फेब्रुवारी
डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोप, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. बॅग तेवीस किलोच चालते. पॅकहाऊसच्या काट्यावर ठेवली — सव्वीस! पॅकिंगच्या बायका जमल्या. धोंडाबाई म्हणाली, "ताई, लाडू राहू द्या, साड्या काढा. तिथं कोण बघतंय!"

काढल्या.

११ फेब्रुवारी
ह्यांनी गावातल्या रावजीची गाडी मुंबईपर्यंत सांगितली. १४ ला संध्याकाळी पाचला घरातून निघायचं. मी विचारलं, नक्की ना? "आजवर एक कंटेनर चुकवला नाय मी!" ह्या माणसाचं एवढं मात्र खरं.

१३ फेब्रुवारी
बॅग बंद. उद्या रात्रीचं विमान. आज रोशनीचा फोन नाही, झोपली असेल. मीही झोपते. किती दिवसांनी इतकं निवांत वाटतंय!

१४ फेब्रुवारी, सकाळ
सहाला फोन. मयूरराव. मुलगी झाली! रोशनी बरी आहे. फोन बाळाजवळ नेला — काय खणखणीत रडते पोरगी! मीही रडले. हेही.

मग मयूररावांना एकदम आठवलं. "आई, तुम्ही उतरल्यावर दिसावा म्हणून मी मिस्ड कॉल देत होतो. तुम्ही उचललात कसा? तुम्ही तर आत्ता विमानात हव्यात ना?"

तिकीट काढून पाहिलं. १४ तारीख, रात्री एक दहा. आमची तारीख उजाडल्यावर बदलते. विमानाची रात्री बारालाच बदलली, आणि ते मला सोडून गेलं.

हे मघापासून डोक्याला हात लावून बसलेत. विमानात असते तर ते रडणं मला ऐकू आलं नसतं. अजून सांगितलं नाही त्यांना. बसू देत थोडा वेळ.