वाल्देमार काकांची तसबीर

मोंतेविदेओ, सोमवार

तीर्थरूप एलिदा मावशीला एदिसनचा लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ आलो तर कान हातात येईल, म्हणून लांबून.)

गुडघे कसे आहेत? पायसांदूला थंडी पडली का? कालपासून तू फोन उचलत नाहीस, त्यावरून तू टीव्ही पाहिलास हे मी समजलो. तरी आधी प्रकृती विचारतो, कारण पुढचं वाचायला ती ठणठणीत लागेल.

तर झालं असं. तू काच बदलायला पाठवलेली वाल्देमार काकांची तसबीर घेऊन मी काल सकाळी निघालो. (ते गेल्यावर तुझ्याकडे त्यांचा तेवढा एकच फोटो उरलाय, हे तू बसच्या ड्रायव्हरलाही बजावलं होतंस. मी विसरलो नव्हतो गं.) फ्रेमवाला जुन्या बाजाराच्या पलीकडे. वाटेत रविवारच्या जेवणासाठी दुकानातून सारण भरलेली ताजी राविओली घेतली, पेपर घेतला. आता रविवारी आपल्या माणसांची काय गत असते ते तुला सांगायला नको. डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, डाव्याच हातात मतेच्या कडू चहाचा पेला, म्हणजे अख्खं शहर एका हाताचं. माझ्या त्या एका हातात राविओलीचा डबा, पेपर आणि काका. पेला रिकामा झाला. पाणी ओतण्यापुरतं मी काकांना खाली टेकवलं. कुठे, तर एका बाईने विकायला मांडलेल्या पथारीवर, जुनी इस्त्री आणि एका डोळ्याची बाहुली यांच्या मधोमध.

नेमकी तेवढ्यात टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन आली. दोन शब्द बोलून सुटलो असतो, पण कॅमेरा दिसला की माझी जीभ ताब्यात राहत नाही. हल्लीच्या लोकांना जुन्या वस्तूंची कदर नाही, यावर मी प्रवचन झोडलं. संध्याकाळी तेच पुन्हा दाखवलं तेव्हा बघितलं, माझ्या खांद्यामागे पथारीवाली काकांना फडक्याने पुसतेय, एक टकलू पैसे देतोय, आणि काका त्याच्या बगलेतून निघून जातायत. मी इकडे म्हणतोय, "आठवणी जपाव्या लागतात हो." शरमेने मी टीव्हीवर टॉवेल टाकला.

भाषण संपवून वळलो आणि काका जागेवर नाहीत म्हटल्यावर तिथेच पथारीवालीशी भांडून पाहिलं होतं. ती म्हणाली, "माझ्या पथारीवर ठेवलंत ते मी विकलं. रुबाबदार होते, लगेच गेले." मला रस्त्यातच रडू आलं, खोटं सांगत नाही. तू विश्वासाने सोपवलेला माणूस मी इस्त्रीशेजारी ठेवून भाषण करत होतो. शिव्या घाल, पण फोन उचल.

तोंड दाखवायला जागा नसलेला तुझा भाचा,
एदिसन

ता. क. तसबीर सापडली. तो टकलू म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या बारचा मालक फेर्मीन. खिडकीजवळच्या टेबलाशी भिंतीवर त्याने ती टांगलीय आणि सोडत नाही. म्हणतो, "यांच्या घरची बाई आली तर तिच्या हातात देईन. तुझ्या हातात? टीव्ही बघितला मी." तेव्हा या रविवारी ये. स्टँडवर घ्यायला येतो, दोन्ही हात मोकळे ठेवून.

ता. क. २. ओळख ना पाळख, मग घेतली कशाला, असं मी त्याला विचारलं. तर म्हणाला, "ओळख नाही कशी? इथे राहत होते तोवर दर रविवारी राविओलीचा डबा मांडीवर घेऊन याच टेबलाशी बसायचे, पार दुपार होईपर्यंत."

ता. क. ३. राविओलीच्या दुकानात काल मी स्वतः उभा होतो. रांग झरझर सरकते. काका रविवारी घरी उशिरा आले की तुला "रांग होती गं" म्हणायचे ना? मग ये तू. आधी कुणावर ओरडायचं ते इथे आल्यावर ठरव.