हेस्केलला काही नाही

मी, शौल सालेह, धंदा शिंपीकाम, राहणार जेरुसलेम, बाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण पुतण्या शंका काढणार.

१. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक पुतण्याची बायको व्हिक्टोरिया हिला मिळावी. दर शुक्रवारी ती भाताचे पातेले घेऊन माझे जिने चढते. पुतण्या नाजी येतो तो फक्त "काका, घराचे कागद कुठे ठेवलेत?" एवढं विचारायला. त्याला कागद दाखवावेत, हात लावू देऊ नये.

२. शिलाई यंत्र आणि मोठी कात्री ज्याला शिवता येते अशा कुणालाही द्यावी. नाजीला येत नाही.

३. सिनेगॉगमधली भिंतीकडची माझी जागा हेस्केल मुराद याला द्यायची होती. ते कलम मी खोडले आहे. कारण सांगतो.

शनिवारी, शब्बाथच्या दुपारी त्याच बाकावर आम्ही दोघे वाद घालत असू. मी म्हणायचो, "दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं. आणि देवानं जीव कुणाचा घेतला? त्या दोघांच्या तान्ह्या पोराचा. हा कुठला न्याय रे?" हेस्केल म्हणायचा, "शौल, तू सदरे शिव. न्यायाचं माप त्याला घेऊ दे." त्याच्याकडे उत्तर तयारच असायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडायचे.

मग माझी पोरगी नजीमा तापाने गेली. अजून शाळेतही जायला लागली नव्हती. सुतकाचे सात दिवस हेस्केल रोज येऊन माझ्यासमोर बसला. आमची रीतच तशी, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं तोंड उघडल्याशिवाय भेटायला आलेल्यानं बोलायचं नाही. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, त्यानेही काढला नाही. सुतक संपले आणि मला त्याचा भयंकर राग आला. जन्मभर देवाची वकिली केली, आणि माझ्या पोरीच्या वेळी वकिलाची दातखीळ बसली. तेव्हापासून आम्ही एकाच बाकावर बसतो आणि बोलत नाही. बायको गेल्यापासून तर दिवसचे दिवस मला माझाच आवाज ऐकू येत नाही. फार एकटं वाटतं. हे लिहायची मला लाज नाही.

४. वकीलबाई सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून हेस्केलला काही नाही. त्याने माझ्या घरी यावे, हे सगळे माझ्यासमोर बसून वाचावे आणि सही करावी. बोलायला सुरुवात मी केली आहे, तेव्हा आता रीत आड येत नाही. हेस्केल, माझ्या पोरीनं काय केलं होतं रे?

ठिकाण: जेरुसलेम
तारीख: ३ डिसेंबर १९७२
सही: शौल सालेह

साक्षीदार १: दीना बेनझूर, वकील

साक्षीदार २: हेस्केल मुराद. सर्व वाचले. लिहून देणारा शुद्धीवर आहे, पहिल्यासारखाच तिरसट आहे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. शौल, तेव्हाही माहीत नव्हतं. रीत होती म्हणून सुटलो.