कडुलिंबाखालचा रस्ता

इंदूर, मंगळवार संध्याकाळ

मध्यप्रदेश राज्य झाल्यापासून हे एकच काम मी मनापासून केलं. गिरणीकडे पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता. कडुलिंबांच्या सावलीतून लोक जातात, म्हणून तिथेच आखला. झाला एकदाचा. आणि त्यासाठी कडुलिंबांची अख्खी रांग तोडली!

इंजिनियरसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "नक्शे में पेड़ थे कहाँ, देशपांडेजी?"

खरंय. आमच्या ऑफिसात रस्त्याच्या नकाशावर झाडं दाखवतच नाहीत. मला तरी कुठे सुचलं?

दुपारी पाळी सुटली. नव्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे पलीकडे, जुन्या रस्त्यावर ट्रकांना चुकवत, गिरणीच्या भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत. एक तरी कडुलिंब ठेवायचा होता...

ऊन सोसेना. मीही रस्ता ओलांडून भिंतीकडे गेलो.