तिसरा रकाना

डोंबिवली,
ता. २२ मार्च १९५४

ती. सौ. मालनताईस,
उत्तमचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. स्टोव्हला नवी पिन आणली, त्यामुळे चहा वेळेवर होतो. तू पाठवलेला चिवडा तानाजीनं दोन दिवसांत संपवला आणि वर मलाच विचारतो, "तुझी ताई ठाण्याला राहते ना? मग हे एवढंसं कसं पाठवलं?" एका खोलीत राहायचं म्हणजे असली माणसं सोसावी लागतात. दाजींचा खोकला कसा आहे?

अण्णांचं पत्र आलं. कॉलेज अर्ध्यावर सोडणाऱ्यानं घरी तोंड दाखवू नये, असं एकाच पत्रात तीनदा लिहिलंय. मी चार पानी उलट उत्तर लिहिलं, मग फाडून टाकलं. बघ, सुधारतोय मी.

तुला मी सांगितलेलं की प्रोफेसरांशी भांडण झालं. ते खोटं नाही. त्यांच्या टेबलावर वही आपटूनच मी बाहेर पडलेलो. पण कशावरून, असं तू विचारलंस तेव्हा मी पाणी प्यायला उठलो. आज बसून सांगतो.

आमचे प्रोफेसर जादूटोणा, मंत्रतंत्र, भगत यांची माहिती जमवत होते. विलायतेतला जुना चेटूकविरोधी कायदा उठला आणि आता तिकडे काही हौशी माणसं उघड सांगतात की आम्ही चेटके आहोत. पेपरवाले त्यांच्या मुलाखती घेतात. आपल्या जिल्ह्यातलं सगळं पुसून जायच्या आत लिहून ठेवा, असं प्रोफेसर म्हणायचे. मला ते फार आवडलेलं. कोपरच्या बाजूला खाडीकाठी मिठागराचं एक गाव आहे, ते माझ्या वाट्याला आलं. छापील वहीत तीन रकाने होते: भगत, देवर्षी, भुताळी म्हणजे चेटकीण. रिकामा रकाना म्हणजे कामचुकारपणा, अशी तंबी होती.

भगत सापडला. देवर्षी शेजारच्या गावात सापडला. भुताळीचं नाव काढलं की माणसं खाडीकडे बघायची.

त्या गावात आवडाबाई म्हणून धवलारीण आहेत. तिथल्या लोकांत धवलारीण आल्याशिवाय लग्न लागत नाही. हळदीपासून ती धवळे गाते, गावदेवीला, सूर्याला, मेलेल्या वाडवडिलांना नावानं हाका मारून मांडवात बोलावते. त्यांनी मला तीन दिवस ओटीवर बसवून धवळे सांगितले. त्यांची मुलगी जया मागून दुसरी ओळ धरायची. चौथी पास आहे. मी उतरवलेलं माझ्या हातातून ओढून वाचायची आणि म्हणायची, "खोड ह्ये. माजी आय असा नाय बोल्ली." ताई, कॉलेजात मला इतकं कुणी खोडलं नव्हतं. चौथ्या दिवशी काही काम नव्हतं, तरी मी गेलो. पाचव्याही. तू हुशार आहेस, पुढचं लिहीत नाही.

धवलारणीला वहीत रकाना नव्हता. एवढी गाणी मिळाली ती टाकू कुठं? देवांना, पितरांना बोलावतात म्हणजे मंत्रच, असं मी स्वतःला पटवलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: आवडाबाई, वय अदमासे पन्नास, मंत्र पाठ.

मीच लिहिलं, ताई. गावानं आळ घेतला असं मी तानाजीला सांगितलं, प्रोफेसरांना सांगितलं, दाजींनाही सांगितलं. गावानं घेतला तो नंतर.

वही काळुरामच्या ओटीवर ठेवून मी विहिरीवर गेलेलो. काळुराम सातवी शिकलेला, दिसेल तो कागद मोठ्यानं वाचतो. चार माणसं बसली होती, त्यानं वाचलं. त्याच आठवड्यात गणूच्या नातवाला गोवर निघाला आणि पोराची अवस्था फार वाईट झाली. गणू म्हणाला, "आमी नाय बोल्लू. सायबाच्या वहीत छापून आलाय." मी ओरडलो की तुम्ही अडाणी आहात, आणि काळुरामच्या थोबाडीत मारली. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, तिनं या कॉलेजच्या पोराला कसा नादी लावलान. मी ते नाव सगळ्यांसमोर खोडलं. तर म्हणाले, तिनंच खोडायला लावलान.

प्रोफेसरांना म्हटलं, ती नोंद काढा. ते म्हणाले, आता तर ती जास्त महत्त्वाची झाली. मग वही आपटली.

होळी झाली. होळीभोवतीची गाणी नेहमी आवडाबाई उचलून द्यायच्या. यंदा त्या घरात बसून होत्या. फाल्गुनातल्या तीन लग्नांना दुसऱ्या गावची बाई आणली. विहिरीवर त्या आल्या की बायका आपली कडेवरची पोरं पदराखाली घेतात. जया माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली: "तुज्या रागाचा आमी काय करू? आयच्या जवल कोन पोर देल काय?"

तेच विचारायला हे पत्र लिहितोय. सकाळपासून तीनदा उठलो.

पाडव्याला आनंदला घेऊन येशील? विहिरीवर बायका असतील त्या वेळी, सगळ्यांदेखत, आवडाबाईंच्या मांडीवर देशील? दोन लेकरं गेल्यावर हा तुला मिळाला. दारात कुणी परकं आलं की तू त्याला तीट लावतेस, हे मी पाहिलंय आणि त्यावर हसलोही आहे. आता हसत नाही. दुसऱ्या कुणाचं मूल मागायचा मला हक्क नाही. तुझंही मागायचा नाही खरं तर.

नाही म्हणालीस तर राग येणार नाही. राग माझा मला पुरे झाला.

तुझा,
उत्तम


डोंबिवली,
ता. १४ एप्रिल १९५४

ताई,
नमस्कार सांगायला आज नुसतं कागदावरचं डोकं पुरणार नाही, तेव्हा समोर येऊन वाकेन.

त्या दिवशी तुझी पाठ विहिरीकडे होती, मागचं तुला दिसलं नसेल. आवडाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते. "बाय, मना नको देऊ. उद्या पोराला शिंक आली तरी माज्यावर येल." आणि तू म्हणालीस, "शिंक आली तर मी नाक पुसेन." तेव्हा रहाटावरची ठमाबाई दोर तसाच धरून उभी राहिली, घागर अर्ध्यावर लोंबकळत. आवडाबाईंनी पदराला हात पुसले, परत पुसले, मग घेतलं. आनंदनं त्यांची पोत धरून तोंडात घातली. तू टांग्याकडे निघालीस तरी त्या बसूनच होत्या, मांडी रिकामी झाली तरी हात तसेच.

चार दिवसांनी गणूची सून तिचं गोवरातून उठलेलं पोर घेऊन त्यांच्या ओटीवर बसून गेली. काल धोंडीबा त्यांना पोरीच्या लग्नाची सुपारी देऊन गेला. वैशाखात आहे. काळुराम मला बघून अजून गाल चोळतो, पण चहा पाजतो.

आता तुझ्या पत्राबद्दल. घरी गेल्यावर आनंदला दोन दिवस ताप होता, डॉक्टरांनी दात येताहेत म्हणून सांगितलं, आता खेळतोय, आणि तू हे सासूबाईंनाही कळू दिलं नाहीस. मी कुणाला सांगू नये म्हणून तू तापाच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्यास.

ताई, ती ओळ वाचली आणि मी बोटांवर दिवस मोजले. पाडवा, मग दुसरा दिवस, मग ताप. मी मोजले. ज्यानं काळुरामला मारलं, गावाला अडाणी म्हटलं, त्यानं. जितका वेळ मोजत होतो तितका वेळ मला आवडाबाईंची भीती वाटली. मग पुढची दाताची ओळ वाचली.

हे मी जयाला सांगितलं. तू नको म्हणालीस तरी सांगितलं, क्षमा कर. तिच्यापासून लपवलं असतं तर तिच्यासमोर पुन्हा बसताच आलं नसतं. ती मिठाची पाटी उतरवत होती. ऐकून घेतलं. खाडीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाली, "आयला रातभर झोप नव्हती, तुज्या ताईच्या पोराला काय व्हईल म्हनून. तीपन दिस मोजीत व्हती."

आणि पाटी बाजूला सारून तिनं मला ओटीवर बसायला जागा केली.

आनंदच्या दोन्ही गालांना माझा पापा. त्याला मोठा झाल्यावर सांग, त्याच्या आईनं काय केलं ते. मामानं काय केलं, ते मी सांगेन.

तुझा भित्रा भाऊ,
उत्तम